उंदीर बरा झाला, माणसाचं काय?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



जुलै २०१९ मधली गोष्ट. एका वर्तमानपत्रात आतल्या पानावर छोटीशी बातमी होती. शास्त्रज्ञांनी जिवंत उंदरांच्या शरीरातून एचआयव्हीचा विषाणू पूर्णपणे काढून टाकला, अशी. मी नंदुरबार जिल्ह्यात जन्मभर जीवशास्त्र शिकवलं. अशी बातमी दिसली की कात्री हातात घ्यायची, ही माझी जुनी खोड. कात्रण कापलं, घडी करून खिशात ठेवलं आणि दोन दिवसांनी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या हातात दिलं.

हा विद्यार्थी कोण, कुठल्या गावचा, काय करतो, हे मी सांगणार नाही. तसं सांगू नये असा कायदाही आहे आणि तो योग्यच आहे. आज जे सांगतोय तेवढं त्याच्या संमतीने. त्याला एचआयव्हीची लागण होऊन काही वर्षं झाली होती. सरकारी केंद्रातून मिळणाऱ्या गोळ्या तो रोज न चुकता घेत होता. प्रकृती ठणठणीत होती. कात्रण वाचून त्याने विचारलं, "सर, म्हणजे आता सुटका?" मी हसून म्हणालो, "अरे, फार दिवस राहिले नाहीत आता."

बोललो ते उत्साहाच्या भरात, त्याला धीर यावा म्हणून. त्याने मात्र वेगळाच अर्थ घेतला. रोग आता हरलाच आहे, तर रोजची गोळी कशाला, असं त्याच्या मनाने घेतलं. त्याने गोळ्या बंद केल्या. पहिले काही आठवडे काहीच झालं नाही, त्यामुळे त्याची खात्रीच पटली. पाच-सहा महिन्यांनी भेटला तेव्हा गळ्याची हाडं दिसत होती आणि खोकला थांबत नव्हता. तपासणीत क्षय निघाला.

तेव्हापासून मला त्या कात्रणाचं देणं लागतं असं वाटत आलं आहे. त्या दिवशी जे समजावून सांगायला हवं होतं ते आज सांगतो. बातमी खोटी नव्हती. पण त्या बातमीतला उंदीर म्हणजे नेमका कोण, आणि तो बरा झाला म्हणजे नेमकं काय झालं, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं.

सुरुवात आपल्या नवापूरपासून करू. फेब्रुवारी २००६ आठवून पाहा. भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आपल्या जिल्ह्यात, नवापूरच्या कोंबड्यांमध्ये. पांढरे झगे घातलेली माणसं, खोल खड्डे, काही लाख कोंबड्या मारून पुरलेल्या, आणि गावात पसरलेली भीती, हे ज्यांनी पाहिलं ते विसरलेले नाहीत. कोंबड्या मेल्या, व्यवसाय बसला, पण नवापुरात एकाही माणसाला त्या रोगाची लागण झाल्याचं आढळलं नाही. माणसं तर रोज त्याच कोंबड्यांमध्ये वावरत होती. मग असं का झालं?

याचं एक मोठं कारण असं, की विषाणूला पेशीत शिरायला दार लागतं. पक्ष्यांच्या फ्लूचा विषाणू पेशीच्या पृष्ठभागावरच्या एका साखरेच्या रेणूला चिकटतो. पक्ष्यांमध्ये त्या साखरेची जोडणी एका तऱ्हेची असते. आपल्या नाकाघशात ती बहुतांशी दुसऱ्या तऱ्हेची असते. किल्ली तीच, पण कुलूप वेगळं. हे कुलूप अगदी अभेद्य नाही. आपल्या फुफ्फुसात खोलवर पक्ष्यांसारखी जोडणी थोडीफार असते, म्हणून जगात काही माणसांना तो रोग झाला आणि त्यात जीवही गेले. पण एका जातीच्या प्राण्याचा विषाणू दुसऱ्या जातीत सहजासहजी जात नाही, हे खरं. या अडथळ्याने नवापूरला वाचवलं. एड्सच्या संशोधनात मात्र हाच अडथळा शास्त्रज्ञांच्या वाटेत आडवा आला.

औषधाचा अभ्यास सहसा आधी प्रयोगशाळेतल्या प्राण्यावर करतात, आणि त्यासाठी सर्वांत सोयीचा प्राणी म्हणजे पांढरा उंदीर. तो लहान असतो, भराभर वाढतो आणि थोड्या जागेत राहतो. पण साध्या उंदराला तुम्ही एचआयव्ही कितीही टोचा, त्याला काहीही होत नाही. तो मजेत दाणे खात राहतो.

का, ते पाहू. एचआयव्ही आपल्या रक्तातल्या ज्या पांढऱ्या पेशींवर हल्ला करतो, त्यांच्यावर सीडी४ नावाचं एक प्रथिन असतं. ते विषाणूचं कुलूप. त्याच्या जोडीला सीसीआर५ नावाचं दुसरं प्रथिन लागतं. ती आतली कडी म्हणा. या सीडी४ पेशी आपल्या प्रतिकारशक्तीच्या मुकादम असतात. कुठल्या जंतूवर कुणी चालून जायचं, हे त्या ठरवतात. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये त्या साधारण ५०० ते १,५०० असतात. विषाणू त्यांना मारत जातो आणि संख्या २०० च्या खाली गेली की एरवी दबून राहणारे रोग डोकं वर काढतात. त्या अवस्थेला आपण एड्स म्हणतो. माझ्या विद्यार्थ्याचा क्षय असाच वर आला.

उंदरालाही सीडी४ असतं, पण त्याची घडण वेगळी. विषाणूची किल्ली त्यात बसत नाही. मग शास्त्रज्ञांनी उंदराच्या जनुकांत फेरफार करून त्याच्या पेशींवर माणसाचं सीडी४ आणि माणसाचं सीसीआर५ बसवलं. विषाणू दारातून आत गेला, पण आत त्याचं काम चालेना. विषाणूला स्वतःच्या प्रती काढायला आपल्या पेशीतलं सायक्लिन टी१ नावाचं प्रथिन हाताशी लागतं. १९९८ मध्ये कळलं, की उंदराच्या सायक्लिन टी१ मध्ये २६१ व्या जागी माणसापेक्षा वेगळं अमिनो आम्ल आहे. शेकडो मण्यांच्या माळेतला एक मणी वेगळा, तेवढ्याने विषाणूचं यंत्र अडतं. ती अडचण दूर केली तरी नवे विषाणू जुळून बाहेर पडण्यात आणखी अडथळे निघाले. एक कुलूप उघडावं तर पुढे दुसरं.

काहींनी वेगळी वाट धरली. लागण होत नसेल तर विषाणूची जनुकंच उंदराच्या जनुकसंचात घालू, असं त्यांनी ठरवलं. १९९८ मध्ये कॅनडात मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी विषाणूच्या जनुकांचे वेगवेगळे तुकडे घातलेले उंदीर तयार केले. त्यांना दिसलं, की नेफ नावाचं विषाणूचं एक जनुक असलं की उंदराला एड्ससारखा आजार होतो. विषाणूच्या कुठल्या अवजाराने जास्त नुकसान होतं, हे त्यातून कळलं. पण या उंदरांना लागण झालेली नव्हती, त्यांना जन्मतःच तो भाग दिलेला होता. त्यामुळे लागण कशी थांबवायची, या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडून मिळणार नव्हतं.

मग विचाराने वळण घेतलं. उंदराच्या पेशी माणसासारख्या करण्याऐवजी उंदराच्या शरीरात माणसाच्याच पेशी का ठेवू नयेत? अडचण एवढीच, की उंदराचं शरीर परक्या पेशी ठेवून घेत नाही. त्याची स्वतःची प्रतिकारशक्ती त्यांना मारून टाकते. म्हणून ज्याला स्वतःची प्रतिकारशक्तीच नाही असा उंदीर हवा होता.

तो सापडला योगायोगाने. १९८३ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या फॉक्स चेस कर्करोग संशोधन केंद्रात मेल्विन आणि गेल बोस्मा या दांपत्याला काही उंदरांच्या रक्तात प्रतिद्रव्यं जवळजवळ नाहीतच असं आढळलं. त्यांच्या एका जनुकात निसर्गानेच बिघाड झाला होता, आणि प्रतिकारशक्तीच्या दोन्ही मुख्य प्रकारच्या पेशी त्यांच्यात तयार होत नव्हत्या. १९८८ मध्ये अशा उंदरांमध्ये माणसाच्या प्रतिकारसंस्थेच्या पेशी आणि ऊतींचे तुकडे बसवण्यात अमेरिकेतल्या दोन गटांना यश आलं. त्याच वर्षी अशा उंदराला एचआयव्हीची लागण करता आली. विषाणूला त्या उंदराच्या शरीरात माणसाची पेशी भेटली.

पण काम अर्धवट होतं. त्या उंदरात प्रतिकारशक्तीचे काही पहारेकरी शिल्लक होते आणि माणसाच्या पेशी फार टिकत नव्हत्या. इथे जनुकांतला मुद्दाम केलेला फेरफार उपयोगी पडला. उंदराच्या मूलपेशीतलं हवं ते जनुक नेमकं शोधून बंद करायचं आणि त्यातून उंदरांची नवी जात वाढवायची, ही युक्ती १९८० च्या दशकात तयार झाली होती. तिच्याबद्दल कापेची, एव्हान्स आणि स्मिथीज या तिघांना २००७ चं नोबेल पारितोषिक मिळालं. या युक्तीने बंद केलेलं आणखी एक महत्त्वाचं जनुक आधीच दुबळ्या असलेल्या उंदरांच्या जातीत आणलं गेलं. प्रतिकारशक्तीच्या पेशींना वाढीचा निरोप ज्या ग्राहकातून मिळतो त्याचा सामाईक भाग हे जनुक घडवतं. २००२ मध्ये जपानमधून आणि २००५ मध्ये अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेतून अशा उंदरांबद्दलचे निबंध आले. आता त्या घरात एकही पहारेकरी उरला नव्हता.

अशा उंदराच्या पिल्लाला हलका किरणोत्सार देऊन त्याच्या अस्थिमज्जेत जागा करतात. मग बाळंतपणानंतर एरवी टाकून दिल्या जाणाऱ्या नाळेच्या रक्तातल्या माणसाच्या मूलपेशी त्याला टोचतात. काही महिन्यांत त्या इवल्याशा शरीरात माणसाच्या पांढऱ्या पेशी फिरू लागतात. २००६ मध्ये टेक्सासच्या संशोधकांनी माणसाच्या भ्रूणाचं यकृत आणि थायमस ग्रंथी यांचे तुकडेही बसवून ही संस्था आणखी पूर्ण केली. या पद्धतीत गर्भपातानंतर मिळालेल्या ऊती वापरतात आणि त्यावर तिकडे मोठा वाद आहे. प्राण्यांच्या प्रयोगांबद्दलही मतभेद आहेत. आपल्याकडे १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली समिती असते आणि तिच्या देखरेखीखालीच प्रयोग करता येतात. हे प्रश्न खरे आहेत आणि ते विचारले जायलाच हवेत.

या उंदरांना 'मानवीकृत उंदीर' म्हणतात. बाहेरून तो उंदीरच असतो, कान, शेपूट, मिशा सगळं उंदराचं, पण रक्तातली लढाऊ फौज माणसाची. हा उंदीर बाहेरच्या जगात टिकणं कठीण. त्याचा पिंजरा, दाणा, पाणी सगळं निर्जंतुक लागतं.

त्याचा उपयोग काय झाला? २००८ मध्ये या उंदरांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काही माद्यांना विषाणूशी संपर्क येण्याआधीच एचआयव्हीविरोधी दोन औषधं दिली, काहींना दिली नाहीत. न दिलेल्यांपैकी बहुतेकींना लागण झाली, दिलेल्यांपैकी एकीलाही नाही. लागण होण्यापूर्वीच औषध घेऊन ती रोखण्याच्या चाचण्या तेव्हा माणसांवर सुरू झालेल्याच होत्या. २०१० मध्ये त्यांचे निकाल आले आणि उंदराने दाखवलेली दिशा बरोबर निघाली. पण उंदरांमध्ये बचाव पूर्ण होता, तर माणसांवरच्या त्या मोठ्या चाचणीत लागण सरासरी ४४ टक्क्यांनी कमी झाली. उंदराला औषध शास्त्रज्ञ टोचतो. माणूस गोळी विसरतो, कंटाळतो, लपवतो. हा फरक लक्षात ठेवा.

२००८ मध्येच प्रीती कुमार, प्रेमलता शंकर या भारतीय संशोधकांचा सहभाग असलेल्या अमेरिकेतल्या गटाने मानवीकृत उंदरांमध्ये जनुकांना गप्प करणारे रेणू थेट रोगग्रस्त होणाऱ्या पेशींपर्यंत पोचवून विषाणूला आवर घातला. २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी माणसाच्या मूलपेशींतलं सीसीआर५ म्हणजे ती आतली कडीच कापून टाकली आणि मग त्या पेशी उंदरात सोडल्या. विषाणूला शिरता येईना. याच कल्पनेवरचा उपचार थोड्या माणसांवरही करून पाहिला गेला आणि २०१४ मध्ये तो सुरक्षित असल्याचं प्रसिद्ध झालं.

आता येऊ माझ्या कात्रणाकडे. एचआयव्हीची खरी खोड अशी, की तो आपल्या पेशीच्या जनुकसंचात स्वतःचा मजकूर शिवून टाकतो. अशा काही पेशी वर्षानुवर्षं झोपून राहतात. गोळ्या जागत्या विषाणूला अडवतात, झोपलेल्याला हात लावू शकत नाहीत. गोळ्या थांबल्या की तो उठतो. शेतातलं हरळीचं गवत वरून कितीही कापा, मुळी राहिली की पहिल्या पावसाला पुन्हा वर येतं, तसंच हे. २०१९ चा प्रयोग या मुळीवरच होता. नेब्रास्का आणि टेम्पल या दोन विद्यापीठांच्या गटांनी मानवीकृत उंदरांना आधी शरीरात दीर्घकाळ राहणारी औषधं दिली, मग क्रिस्पर नावाच्या जनुकीय कात्रीने विषाणूचा शिवलेला मजकूर कापला. काही उंदरांमध्ये नंतर विषाणू सापडलाच नाही. शास्त्राच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट होती.

पण 'काही उंदरांमध्ये' हे शब्द मी वाचले आणि गिळले. सगळ्या उंदरांमध्ये नव्हे. शिवाय उंदीर म्हणजे केवढा? साधारण २५ ग्रॅमचा. ६० किलोच्या माणसात असे २,४०० उंदीर बसतात. उंदराला लागण होऊन काही आठवडेच झालेले असतात. माणसात विषाणू वर्षानुवर्षं गाठींमध्ये, आतड्यांत, मेंदूपर्यंत बिऱ्हाड करून असतो. कात्रीला एवढ्या सगळ्या पेशी शोधायच्या, आणि एक जरी सुटली तरी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

पुढे झालंही तसंच. तीच कल्पना घेऊन २०२२ मध्ये अमेरिकेत माणसांवर चाचणी सुरू झाली. २०२४ मध्ये कळलं, की उपचार सुरक्षित आहे, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली ज्या तिघांनी गोळ्या थांबवून पाहिल्या, त्या तिघांमध्येही विषाणू परतला. एकात तो नेहमीपेक्षा उशिरा आला, एवढीच आशा. उंदरात जे साधलं ते माणसात तेव्हा साधलं नाही. यात उंदराचा दोष नाही आणि शास्त्रज्ञांचाही नाही. कुठली वाट चालून पाहण्यासारखी आहे, एवढंच उंदीर सांगतो. ती वाट मुक्कामापर्यंत जाते का, हे माणसालाच चालून पाहावं लागतं.

अशी माणसं आपल्याजवळही आहेत. पुण्याला भोसरीत १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. अलीकडे तिचं नाव बदललं आहे. २००५ मध्ये एचआयव्हीच्या लशीची भारतातली पहिली मानवी चाचणी तिथे झाली. निरोगी स्वयंसेवक पुढे आले. लस सुरक्षित ठरली, पण हवी तेवढी प्रतिकारशक्ती तिने निर्माण केली नाही. पुढे नऊ देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पुण्याच्या जोडप्यांनीही भाग घेतला. जोडप्यातल्या एकाला लागण आणि दुसऱ्याला नाही, अशी ही जोडपी होती. २०११ मध्ये निष्कर्ष आला, की लागण झालेल्याने लवकर गोळ्या सुरू केल्या तर जोडीदाराला लागण होण्याचा धोका ९६ टक्क्यांनी कमी होतो. ज्या गोळीचा माझ्या विद्यार्थ्याला कंटाळा आला होता, तीच गोळी त्याच्या बायकोचंही रक्षण करत होती. हे मी त्याला सांगितलं असतं तर?

आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी हजारो माणसं ऊसतोडीला, वीटभट्टीला, कारखान्यांत गुजरातेत जातात. महिनोन्‌महिने गाव सुटतं, केंद्रावरची तारीख चुकते, गोळ्या संपतात. १ एप्रिल २००४ पासून आपल्या देशात सरकारी केंद्रांतून ही औषधं मोफत मिळू लागली. कामासाठी बाहेरगावी जायचं असेल तर आधी आपल्या केंद्रात तसं सांगा. तिथल्या जवळच्या केंद्रातून गोळ्या घेण्याची सोय होऊ शकते. लाजू नका. ही माहिती गुप्त ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

आणि वर्तमानपत्रात औषध सापडल्याची बातमी आली तर तीन प्रश्न विचारा. प्रयोग कुणावर झाला, उंदरावर की माणसावर? किती जणांवर झाला आणि त्यातले किती बरे झाले? औषध थांबवल्यावर पुढे काय झालं? बातमीत उत्तर नसेल तर आपल्या डॉक्टरांना विचारा. पण उत्तर मिळेपर्यंत चालू गोळी बंद करू नका.

माझा विद्यार्थी वाचला. क्षयाचे उपचार पूर्ण झाले, एचआयव्हीच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, वजन भरलं. मागे घरी आला होता. मी पुन्हा एक कात्रण काढून ठेवलं होतं, २०२४ चं, त्या तीन माणसांबद्दलचं. ते त्याने दोनदा वाचलं आणि म्हणाला, "सर, हे तेव्हा दिलं असतं तर बरं झालं असतं." मी म्हणालो, "अरे, तेव्हा ते छापलंच गेलं नव्हतं." तो म्हणाला, "मग तेव्हा तुम्ही 'अजून माहीत नाही' असं म्हणायचं होतं."

तीस वर्षं मी मुलांना शिकवलं. ही गोष्ट त्यातल्या एका मुलाने मला शिकवली.